उजळ नको, खरा रंग हवा

कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी त्याचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर येतात. ते एकदा नीट बघा. मागचा फलक अक्षरन् अक्षर वाचता येतो. टेबलावरची फुलं, मेणबत्त्या, पाहुण्यांचा पांढरा शर्ट सगळं स्वच्छ आलेलं असतं. चेहरे मात्र काळवंडलेले असतात. कोण हसतंय, कोण बोलतंय, कोणाचे डोळे कुठे आहेत, काही कळत नाही. मग कोणीतरी उत्साही कार्यकर्ता तोच फोटो मोबाईलमध्ये 'ब्राइट' करून पुन्हा टाकतो. आता त्याच बायका राखाडी, नाहीतर गुलाबी दिसायला लागतात. पहिला फोटो खोटा होता, दुसराही खोटाच.

यावर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, 'कॅमेरा साधा आहे.' दुसरं, 'आमचा रंगच असा, त्याला कॅमेरा काय करणार?' पहिलं उत्तर अर्धवट आहे. दुसरं उत्तर मला जास्त त्रास देतं, कारण त्यात यंत्राचा दोष माणसाने स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे. व्यवस्थेतली उणीव आपल्याच शरीरात शोधायची सवय या समाजाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लावली. फोटोच्या बाबतीत तरी ती सोडायला हरकत नाही. सावळ्या आणि काळ्या त्वचेचा उत्तम, नैसर्गिक फोटो खिशात मावणाऱ्या साध्या कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्यातूनही निघतो. त्यासाठी कॅमेरा आपल्या चेहऱ्याबद्दल काय गृहीत धरून चालतो, हे आधी समजून घ्यावं लागतं.

कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही, प्रकाश दिसतो. समोरून किती प्रकाश येतो हे मोजून तो चित्र किती उजळ करायचं ते ठरवतो. समोरची वस्तू मुळात काळी आहे की पांढरी, हे त्याला माहीत नसतं. म्हणून तो एक सरासरी धरतो. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा मध्यम करडा रंग, हे छायाचित्रणात या सरासरीचं रूढ मानक आहे. समोर जे काही असेल ते एकंदरीत त्या करड्याच्या आसपास आणून ठेवायचं, असा कॅमेऱ्याचा मूळ हिशेब. आताचे कॅमेरे चित्राचे भाग पाडून मोजतात, चेहराही शोधतात, तरी हिशेबाचा पाया हाच राहतो.

आता आपल्या कार्यक्रमाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. धम्माच्या कार्यक्रमाला, मंगल परिणयाला, १४ ऑक्टोबरला आपल्या आया-बहिणी पांढऱ्या साड्या नेसून येतात. पन्नास पांढऱ्या साड्या चौकटीत आल्या की कॅमेऱ्याला वाटतं, प्रकाश फार झाला. तो सगळं चित्र अंधारं करतो. पांढरी साडी करड्याकडे सरकते आणि तिच्यासोबत चेहराही खाली ओढला जातो. गोऱ्या चेहऱ्याला खाली सरकायला जागा असते, तो थोडा सावळा होऊन थांबतो. मुळात सावळा असलेला चेहरा सरळ काळोखात जातो. म्हणजे यंत्राची चूक सगळ्यांच्या बाबतीत सारखीच असली, तरी तिची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. समाजशास्त्र शिकताना 'तटस्थ' नियमांचे विषम परिणाम हा धडा मी पुस्तकात वाचला होता. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर तो रोज दिसतो.

उलटी चूकही तितकीच होते. काळ्या आजीचा चेहरा जवळून, चौकट भरून घेतला की कॅमेऱ्याला वाटतं, प्रकाश कमी आहे. तो चित्र उजळवतो. आजी करडी, धुरकट दिसते. काळ्या त्वचेतली तांबूस-तपकिरी झाक, कपाळावरचं गोंदण, गालांवरच्या सुरकुत्यांची खोली, सगळं फिकं होऊन जातं. थोडक्यात, लांबून घेतला तर काळोख आणि जवळून घेतला तर राख. आपल्या माणसांचे फोटो या दोन टोकांमध्ये हेलकावे खात असतात.

ही सरासरी आकाशातून पडलेली नाही. रंगीत फिल्मच्या काळात अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुना-छायाचित्र द्यायला सुरुवात केली. त्यात रंगीबेरंगी कपड्यांतली एक गोरी तरुणी असे. कोडॅकच्या स्टुडिओतल्या शर्ली नावाच्या पहिल्या मॉडेलवरून अशा सगळ्या नमुन्यांना 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. तिची त्वचा बरोबर दिसली म्हणजे यंत्र बरोबर जुळलं, असा प्रयोगशाळांचा नियम होता. कित्येक कार्डांवर तर 'नॉर्मल' असा शब्दच छापलेला असे. शर्ली नॉर्मल, तर बाकीचे कोण, हा प्रश्न छापखान्यात कोणाला पडत नव्हता.

कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये या शर्ली कार्डांवर एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात कोडॅकच्या लोकांनीच सांगितलेली एक हकिगत आहे. फिल्ममध्ये तपकिरी रंगाच्या छटा नीट येत नाहीत, अशी तक्रार लाकडी फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी केली. सागवानी आणि शिसवी लाकडातला फरक दिसत नाही, दुधाच्या आणि कडू चॉकलेटातला फरक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. फिल्मच्या सुधारणेला खरा जोर आला तो या तक्रारींमुळे. शाळेच्या गटफोटोत काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसतात, हे त्यांच्या आया त्याआधीपासून बघत होत्या. पण बाजारात आईच्या तक्रारीपेक्षा चॉकलेटच्या तक्रारीला वजन होतं. गोऱ्या, काळ्या आणि आशियाई अशा वेगवेगळ्या चेहऱ्यांची नमुना-कार्डं यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं.

फिल्म गेली, डिजिटल आलं, म्हणून प्रश्न मिटला नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तैवानी वंशाच्या एका तरुणीने निकॉनच्या कूलपिक्स मालिकेतला एक कॉम्पॅक्ट कॅमेरा घेतला. घरच्यांचा फोटो काढला की कॅमेरा विचारायचा, 'कोणी डोळे मिटले का?' डोळे उघडेच होते. कॅमेऱ्याला उघड्या डोळ्यांचा एकच आकार शिकवलेला होता. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या वर गेलं नाही. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत पोहोचलं. तीन काळ्या स्त्रियांमागे एकीच्या बाबतीत यंत्र चुकत होतं.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे वाचून कोणी 'गोरे म्हणजे सवर्ण आणि काळे म्हणजे दलित' असं समीकरण मांडू नये. बाबासाहेबांनी हे समीकरण सप्रमाण खोडून काढलं आहे. 'जातिनिर्मूलन' या १९३६च्या भाषणात त्यांनी जात ही वंशाची विभागणी नाही हे सांगताना पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे असल्याचं दाखवून दिलं. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमावरच्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे आकडे घेऊन वंशाचा सिद्धांत तपासला आणि नाकारला. कातडीवरून जात ओळखता येत नाही. तरीही काळा ब्राह्मण आणि गोरा शूद्र यांच्यावर भरवसा ठेवू नये, अशा अर्थाच्या म्हणी आपल्याकडे का आहेत? कारण समाजाने रंगाला जातीची खूण मानलं. ही खूण खोटी आहे. तिचा मार मात्र खरा आहे, आणि तो सगळ्यात जास्त सावळ्या मुलींना बसतो.

आपल्या घरातही तो बसतो, हे आपण उघडपणे बोलत नाही. वधू-वर परिचय मेळाव्याचा अर्ज काढून बघा. उंची, शिक्षण, नोकरी आणि मग एक रकाना असतो, 'वर्ण'. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असं लिहायचं असतं. वर्णव्यवस्था नाकारून धम्म स्वीकारलेल्या समाजाच्या अर्जावर 'वर्ण' हा रकाना निमूटपणे छापला जातो आणि आपणही तो निमूटपणे भरतो. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमला २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढावा लागला. आपल्या अर्जावरचा रकाना अजून तसाच आहे. त्या रकान्याला साजेसा फोटो मग स्टुडिओत तयार होतो.

बचत गटाच्या बायकांच्या ओळखपत्रांसाठी आम्ही एकदा एका स्टुडिओत फोटो काढायला पाठवलं होतं. फोटो आले ते सगळे एकाच रंगाचे, पिठात घोळल्यासारखे. एक मावशी आपलं ओळखपत्र उलटसुलट करून म्हणाल्या, "ताई, ही कोण? ही तर माझी जाऊ वाटते." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्यातला अर्थ हसण्यासारखा नव्हता. जो कागद ओळख पटवण्यासाठी होता, त्याच कागदाने ओळख पुसली होती. त्यानंतर संस्थेच्या कपाटातला जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा बाहेर काढला आणि त्याची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण चळवळीत फोटो काढणारे बरेचसे माझ्यासारखेच आहेत, व्यवसायाने छायाचित्रकार नसलेले.

सुरुवात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनपासून करा. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असते, बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत ती उणे २ ते अधिक २ पर्यंत जाते. कॅमेऱ्याने काढलेली सरासरी आपल्याला मान्य नाही, हे त्याला सांगायची ही जागा. चौकटीत पांढऱ्या साड्या, पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश जास्त असेल तर अधिक दोन-तृतीयांश ते अधिक १ करून बघा. मागे गडद निळा पडदा किंवा रात्रीचा अंधार असेल, किंवा काळ्या चेहऱ्याने चौकट भरली असेल, तर उणे एक-तृतीयांश ते उणे दोन-तृतीयांश करा. एक फोटो काढा, पडद्यावर मोठा करून फक्त चेहरा बघा, मग पुढचा काढा. नियम साधा आहे. साडीची घडी पुसट झाली तरी चालेल, माणूस पुसट व्हायला नको. छोट्या कॅमेऱ्याला चकचकीत पांढरं आणि गडद काळं दोन्ही एकाच वेळी पेलत नाही. काय राखायचं आणि काय सोडायचं हे कोणीतरी ठरवणारच. ते आपण ठरवावं. उन्हात ही ओढाताण वाढते, म्हणून शक्य तिथे माणसांना सावलीत घ्या.

एक जुनी युक्ती याच्याशी जोडून सांगते. माणूस गोरा असो की काळा, तळहाताचा रंग सगळ्यांचा बराच जवळपासचा असतो, कारण तळहातात रंगद्रव्य कमी असतं. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण दुप्पट प्रकाश परत पाठवतो. कॅमेऱ्यात 'स्पॉट' मोजणी असेल तर ती निवडा, कॉम्पेन्सेशन अधिक १ वर ठेवा. चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशातच, चेहऱ्याजवळ त्या व्यक्तीला तळहात धरायला सांगा, त्यावर बटण अर्धं दाबा आणि तसंच धरून चौकट जुळवा. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत अर्धं बटण दाबलं की अंतर आणि प्रकाश दोन्ही तिथेच थांबतात. हात खाली घ्यायला सांगून फोटो काढा. गोरा गोरा येतो, काळा काळा येतो, सावळा सावळा येतो, कारण प्रत्येकाची मोजणी एकाच मापाने झालेली असते.

दुसरी बाब व्हाइट बॅलन्सची. बल्बचा प्रकाश पिवळा, जुन्या ट्यूबचा हिरवट, सावलीतला निळसर असतो. आपले डोळे हे आपोआप सांभाळून घेतात, कॅमेऱ्याला अंदाज करावा लागतो. मागे मोठा निळा पडदा आणि निळे झेंडे असले की 'ऑटो'वर ठेवलेला कॅमेरा पुष्कळदा त्या निळ्याला प्रकाशाचा दोष समजतो आणि तो काढायला सगळं चित्र पिवळसर-नारिंगी करतो. झेंडा फिका पडतो आणि चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. अशा वेळी 'ऑटो' बंद करून उन्हाची, ढगाची, बल्बची किंवा ट्यूबची खूण स्वतः निवडा. त्याहून चांगलं म्हणजे 'कस्टम' निवडून, जिथे माणसं बसणार तिथे कोरा पांढरा कागद धरून कॅमेऱ्याला पांढरं काय ते शिकवा. पांढरी साडी मात्र यासाठी वापरू नका. तिला नीळ दिलेली असते. ती आपल्याला पांढरीशुभ्र वाटते, पण कॅमेऱ्याला निळसर दिसते आणि मग चेहरे पुन्हा पिवळे होतात. मांडवाच्या रंगीत कापडातून गाळून आलेला प्रकाश तर कोणत्याच खुणेला पुरता दाद देत नाही. तिथे माणसांना मांडवाच्या कडेला, मोकळ्या उजेडाकडे तोंड करून उभं करणं हाच उपाय.

तिसरी बाब फ्लॅशची. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा फ्लॅश नखाएवढा आणि भिंगाला चिकटून असतो. त्वचेच्या पृष्ठभागावरून जी चमक परत येते ती रंगद्रव्यावर अवलंबून नसते, ती सगळ्यांची जवळपास सारखीच. पण काळ्या त्वचेवर आजूबाजूचा रंग गडद असल्यामुळे तो चमकीचा ठिपका जास्त पांढरा, जास्त भडक दिसतो. घामेजलेल्या कपाळावर तर आरसा लावल्यासारखा. आणि अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा प्रकाश चौथा हिस्सा उरतो. गटफोटोत पुढे खुर्च्यांवर कोण बसतं? पाहुणे आणि पदाधिकारी. मागे कोण उभं राहतं? सतरंज्या अंथरणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या बायका. फ्लॅश पुढच्यांना उजळवतो आणि मागच्यांना अंधारात ठेवतो. ज्यांनी काम केलं त्या फोटोतही मागेच राहतात. म्हणून फ्लॅश बंद करा. सगळ्यांना खिडकीसमोर किंवा दारासमोर, प्रकाशापासून साधारण सारख्या अंतरावर अर्धवर्तुळात उभं करा. काळी त्वचा मोठ्या, मऊ प्रकाशात खुलते. खिडकीचा उजेड, उन्हातल्या पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड, एका बाजूला धरलेली पांढरी चादर यांमुळे गालाची आणि कपाळाची घडण उमटते. पैसा लागत नाही, थोडी माणसं हलवावी लागतात.

सभागृहात उजेड कमी असेल तर कॅमेरा आपोआप आयएसओ वाढवतो. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. वाढवलेल्या आयएसओत त्यावर रंगीत दाणे येतात, गडद भागात जास्त येतात, आणि ते झाकायला कॅमेरा चेहरा पुसून गुळगुळीत करतो. सावळी त्वचा प्लास्टिकसारखी दिसते ती यामुळे. आयएसओ ४००च्या वर जाऊ देऊ नका, कॅमेरा टेबलावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि माणसांना क्षणभर स्थिर राहायला सांगा.

शेवटची बाब सगळ्यात महत्त्वाची. मेनूमध्ये 'ब्यूटी', 'सॉफ्ट स्किन', 'स्मूथ स्किन' असं जे काही असेल ते आधी बंद करा. कॅननच्या पॉवरशॉट मालिकेतल्या अनेक कॅमेऱ्यांत 'माय कलर्स' नावाच्या यादीत त्वचा उजळ करण्याची आणि त्वचा गडद करण्याची अशा दोन्ही सोयी होत्या. यंत्र दोन्हीकडे जाऊ शकतं. आपल्याकडे बोट कोणत्या बटणाकडे जातं, हे वेगळं सांगायला नको. आणि फोटो छापायला देताना आपोआप होणारी रंगदुरुस्ती नको, असं स्पष्ट सांगा. नाहीतर कॅमेऱ्यात जपलेला रंग छपाईच्या यंत्रात पुन्हा धुतला जातो.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप असा की लोकांनाच गोरं दिसायचं असतं, ते स्वतःच म्हणतात 'ताई, जरा उजळ येऊ द्या', मग तुम्ही कोण अडवणार? कोणाचाही फोटो त्याच्या मर्जीविरुद्ध काढू नये, हे मला मान्यच आहे. पण ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा एकही धड फोटो बघितला नाही, त्याच्यासमोर निवड कोणती असते? काळवंडलेला फोटो की पांढरा केलेला फोटो, एवढीच. या दोनांत कोणीही दुसराच निवडेल. तिसरा फोटो आधी समोर ठेवा, ज्यात रंग खरा आहे आणि चेहरा स्पष्ट आहे, आणि मग विचारा. माझा अनुभव असा की तो फोटो बघताना 'उजळ करा' ही मागणी बहुतेक वेळा येतच नाही. 'उजळ' म्हणताना पुष्कळ जणींना 'स्पष्ट' म्हणायचं असतं. आपल्याला दिसू द्या, एवढीच ती मागणी असते. भाषेने त्यांना दुसरा शब्द दिलेला नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा असतो. अत्याचार होतायत, शिष्यवृत्त्या रखडल्यात, नोकरभरती बंद आहे, आणि तुम्ही फोटोतल्या रंगावर काय लिहिता? मी म्हणते, आज पोटाचा रस्ताही फोटोतून जातो. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर दिवसातून दोनदा ॲपवर फोटो टाकून हजेरी लावणं सक्तीचं झालं. अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा देताना चेहरा ओळखण्याची पद्धत पोषण ट्रॅकर ॲपमध्ये आली. उन्हात रापलेल्या बाईचा चेहरा यंत्राला दिसला नाही, तर जाणार तिची मजुरी आणि तिच्या बाळाचा आहार. फोटो हा आता नुसता आठवणीचा विषय राहिलेला नाही.

पण म्हणून नुसता स्पष्ट फोटो मिळाला की न्याय झाला, असंही समजू नये. पोलरॉईड कंपनीच्या ओळखपत्रं काढणाऱ्या एका कॅमेऱ्याला फ्लॅशचा प्रकाश वाढवणारं खास बटण होतं. त्याने काळे चेहरे स्पष्ट येत. कंपनीची ही यंत्रणा दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीने काळ्या नागरिकांच्या पासबुकांसाठी वापरली, त्यांच्या फिरण्यावर पहारा ठेवायला. १९७० मध्ये पोलरॉईडमध्येच काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारलं, दोघांच्याही नोकऱ्या गेल्या, आणि १९७७ मध्ये कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं लागलं. काळा चेहरा स्पष्ट टिपायची कला त्या राजवटीला हवी होतीच. म्हणून 'कसा दिसतो'च्या सोबत 'कोण काढतो आणि कशासाठी' हे दोन प्रश्न विचारावेच लागतात. आपले फोटो आपण काढायला शिकायचं कारण हेच आहे.

बदल होत नाही असं नाही. त्वचेचं वर्गीकरण करणारी फिट्झपॅट्रिक पट्टी १९७५ मध्ये आली, ती मुळात गोऱ्या त्वचेच्या प्रकारांसाठी. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे वर्ग तिला नंतर जोडले गेले. २०२२ मध्ये एलिस मंक या समाजशास्त्रज्ञाची दहा छटांची पट्टी गुगलने स्वीकारून खुली केली. ती रंगतज्ज्ञाने नव्हे, रंगावरून होणाऱ्या भेदभावाचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाने बनवली, याचं मला विशेष वाटतं. पण नव्या महागड्या फोनची वाट बघत बसायचं कारण नाही. आपल्या कपाटातल्या कॅमेऱ्याला अधिक-उणेचं बटण आजही आहे.

घराघरांतली बाबासाहेबांची तसबीरही या नजरेने बघा. त्यांची बहुतेक छायाचित्रं कृष्णधवल आहेत. त्यात रंग भरला तो नंतरच्या चित्रकारांनी आणि छापखान्यांनी. निळा कोट, लाल टाय आणि गुलाबी गाल. आपण ज्यांच्यामुळे मान वर करून चालायला शिकलो, त्यांनाही गुलाबी केल्याशिवाय आपल्याला भारदस्त वाटत नाही का? हा प्रश्न चित्रकारापेक्षा आपल्याला आहे.

माझं म्हणणं छोटं आहे. प्रत्येक मंडळाने, बचत गटाने, विहाराने दोन मुलींना आणि दोन मुलांना कॅमेऱ्याची एवढी चार बटणं शिकवावीत. कार्यक्रमाच्या आधी पंधरा मिनिटं मांडवात जाऊन कोरा कागद धरून, एखाद्या सावळ्या कार्यकर्तीला उभं करून चाचणी घ्यावी. आपली शर्ली तीच असू द्या. फोटो काढल्यावर तो आधी तिला दाखवावा आणि गटावर नंतर टाकावा. पुढच्या परिचय मेळाव्याच्या अर्जावरून 'वर्ण' हा रकाना काढून टाकावा. आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना या वेळी पुढच्या ओळीत, खिडकीकडे तोंड करून उभं करावं.